नवसाचा रंग

मेल्चोरच्या घोड्याला पांढऱ्या ऑइल पेंटचा दुसरा हात मारून प्रोवीतिती मागे सरली, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, "आता कसं! आता जा म्हणावं खुशाल शिकागोला."

तेव्हाच कुणीतरी तिच्या हातातला ब्रश काढून घ्यायला हवा होता. पण आमच्या ओकेंदो घराण्यात तितीच्या हातातलं काही काढून घेणारा अजून जन्मायचाय. आमच्या बेटावर तिती म्हणजे आत्या, पण प्रोवीतिती ही आख्ख्या वाडीची तिती. पाद्रीबाबासुद्धा तिला तितीच म्हणतात. तिनं लग्न केलं नाही. भावजय गेल्यावर थोरल्या भावाच्या दोन्ही पोरी, इराइदा आणि नेरेइदा, तिनंच वाढवल्या, आणि आमच्या पणजोबांनी कोरलेले तीन राजेही तिनंच सांभाळले. लाकडाचे, वीतभर उंचीचे तिघं घोडेस्वार, एका फळीवर ओळीनं: गास्पार, बाल्तासार आणि मधोमध पांढऱ्या घोड्यावरचा काळा मेल्चोर. बाळ येशूला भेटायला म्हणून निघालेत, ते अजून आमच्या दिवाणखान्यातच आहेत. नवसाला पावतात अशी त्यांची ख्याती. आणि मोठा नवस पावला की ज्याचा पावला त्यानं राजांना नवा रंग द्यायचा, हा आमच्या घरचा रिवाज.

रंगाचा डबा धरून तितीचा धाकटा भाऊ आनिबाल उभा होता. रंग त्याच्याच फाटकाचा उरलेला.

"कुणाचा नवस फेडतेयस?" त्यानं विचारलं.

"तुला काय करायचंय? डबा सरळ धर."

"फाटकाचा रंग, आणि राजांना?"

"तुझं फाटक उन्हापावसात उभं असतं, तरी रंग टिकला ना? राजे तर छपराखाली असतात. उलट जास्त टिकेल."

खरं म्हणजे राजे शिकागोला पाठवायचे हेच मुळी आनिबालला मान्य नव्हतं. नाताळच्या जेवणात त्यावरून ताटं आपटली गेली, ते सगळ्यांना ठाऊकच आहे. पण तितीनं नेरेइदाला 'ने' म्हटलं होतं आणि तितीचा शब्द म्हणजे शब्द. तेव्हा निदान आपल्या फाटकाचा रंग तरी अमेरिका बघेल, एवढंच समाधान मानून तो डबा धरून उभा राहिला.

हे सगळं इराइदानं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि मोबाइल काढला. त्यात धाकट्या बहिणीनं पाठवलेलं पोस्टर होतं. शिकागोच्या संग्रहालयातलं प्रदर्शन, आणि पोस्टरभर आमचे राजे. रंग पोपडे धरून उडालेला, पिढ्यान् पिढ्या मुके घेऊन घेऊन मेल्चोरचा गाल लाकडापर्यंत झिजलेला. खाली बारीक अक्षरात: संकल्पना आणि मांडणी, नेरेइदा ओकेंदो.

इराइदानं लगेच फोन करायला हवा होता. केला नाही. आता विचारलं तर म्हणते, गडबडीत राहून गेलं. झूठ! तिच्या मनात आलं होतं, ही बाई सणासुदीला विमानातून उतरणार, सगळे 'आली गं आली' करणार, आणि तितीचे पाय चेपायला, डॉक्टरकडे न्यायला, तिच्या शिव्या खायला मात्र मी. बसू दे एक झटका. तो राग रात्रभर टिकला. सकाळी ओसरला तेव्हा फोन करायची लाज वाटायला लागली, आणि लाज वाटता वाटता नाताळनंतरचा राजांचा सण येऊन ठेपला.

*

सणाच्या दुपारी घाटातून गाडी चढत होती. चालवत होती नेरेइदा. शेजारी, गुडघ्यांवर आपली हत्यारांची पेटी धरून, रेमिजिओ बसला होता. मेक्सिकोत जन्मलेला, शिकागोत वाढलेला हा शिडशिडीत गृहस्थ संग्रहालयात जुन्या वस्तूंची डागडुजी करतो. राजांना नीट बांधून सोबत न्यायचं काम त्याचं.

"जेवल्याशिवाय कुणी तुला कामाला हात लावू देणार नाही," नेरेइदा त्याला बजावत होती. "आणि पोट भरलं असं म्हणायचं नाही. आमच्याकडे तो अपमान समजतात."

"आणि तिखट?"

"तिखट नाही. मागू नकोस. तोही अपमान."

रेमी हसला. नेरेइदाला हसू येत होतं ते मात्र दुसऱ्याच कशाचं. आज तिला गाडीसकट उडता आलं असतं. संग्रहालयात ती पहिल्यांदा लागली ती लोकांचे कोट आणि छत्र्या सांभाळायला. मग तळघरात, वस्तूंवर क्रमांक टाकायला. आपल्या बेटावरच्या लोकांची कला म्हणजे तिथं दोन लोखंडी कपाटं होती आणि वर्षातला एक महिना उजेड मिळणारी एक खोली. ती कपाटं भरायला नेरेइदा शिकागोभर आपल्या लोकांच्या घरी हिंडली. दिवाणखान्यात बसायचं, चौथ्यांदा कॉफी घ्यायची, लग्नाचे फोटो बघायचे, आणि मग कुठं एखादी म्हातारी पलंगाखालून ट्रंक ओढायची. "ही चित्रं माझ्या नवऱ्यानं काढलेली, कुणाला दाखवायची लाज वाटते." अशा ट्रंका तिनं एकामागून एक उघडवल्या. त्यातूनच तिनं प्रदर्शन उभं केलं. संचालकबाई हॅलोरन यांनी राजांचे फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "हे मध्यभागी असतील तर पहिल्या मजल्याचं मोठं दालन तुझं." आणि लगेच पुढं म्हणाल्या, "विश्वस्तांना मी शब्द देतेय. फसलं तर पुन्हा मला तुझ्यासाठी बोलता येणार नाही." म्हणजे पुन्हा तळघर. ते न सांगताही नेरेइदाला कळलं होतं.

"शहरातल्या बसवर आपले राजे लागलेत, रेमी," ती म्हणाली. "बसवर! मेल्चोरचा तो झिजलेला गाल, केवढा मोठा! तितीला फोटो दाखवला की ती वेडी होईल."

फाटकात आनिबाल उभा होता. पांढरीशुभ्र टोपी, दाढी केलेली. नेरेइदा मिठी मारायला धावली. त्यानं तिला धरून ठेवलं आणि कानात म्हणाला, "पोरी, मी पहिल्यापासून तुझ्याच बाजूचा होतो बरं का."

"काका, नाताळला तुम्ही माझ्यावर पाव फेकून मारलात."

"प्रेमानं मारला," आनिबाल म्हणाला आणि रेमीकडे वळला. "हा मेक्सिकन? एवढा बारीक? चल बाबा आत, तुझ्यावर दया करायला हवी."

अंगणात डुक्कर भाजून तयार होतं. नीरफणसाच्या झाडाखाली शेजारची मंडळी गिटारी जुळवत बसली होती, राजांची गाणी म्हणायला. स्वयंपाकघरात तुरीच्या दाण्यांच्या भाताचं झाकण निघालं होतं आणि त्या वासानं कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. नेरेइदा सरळ दिवाणखान्याकडे निघाली, तर इराइदानं वाट अडवली.

"आधी जेव."

"राजांच्या पाया तरी पडते."

"जेवून पड. राजे कुठं पळतायत?"

दारातून दिसलं ते एवढंच की राजांवर तितीचं लग्नासाठी विणलेलं आणि कधीच न वापरलेलं पांढरं आच्छादन घातलंय. तिती त्याच्या शेजारी खुर्चीत बसली होती, नवा झगा, कानात मोती, ओठांना लाली. तोंडावर असा आनंद की नेरेइदाला वाटलं, म्हातारी आजारी तर नाही ना?

"तिती, आच्छादन कशाला?"

"सगळ्यांसमोर काढायचंय. जेवा आधी."

सगळे जेवले. रेमीनं केळीच्या पानातली पुडी सोडली, खाल्ली, दुसरी मागितली, आणि त्या क्षणी त्याला घरात दत्तक घेतल्यासारखं झालं. फक्त इराइदा काही खात नव्हती. भाताचे दाणे ती ताटात इकडून तिकडे करत होती.

"तुला काय झालंय?" नेरेइदानं विचारलं.

"नेरे, तुझ्या त्या पोस्टरमध्ये... बदल करता येतात का?"

"आता? बसवर लागलंय ते! का?"

"सहज," इराइदा म्हणाली आणि पाणी प्यायली.

*

तितीनं आच्छादन उचललं ते लग्नातल्या घुंगटासारखं, दोन बोटांत, हळूच.

ऑइल पेंटची चकाकी अशी की खिडकीतलं ऊन त्यावरून परत भिंतीवर गेलं. मेल्चोरचा घोडा दुधासारखा पांढरा, गास्पारचा झगा लालभडक, बाल्तासारचा घोडा चॉकलेटी, खोगिरांना सोनेरी काठ. मेल्चोरचा झिजलेला गाल गायब. त्या जागी गोल, गुळगुळीत, खुशाल गाल, आणि त्याखाली तितीनं स्वतःच्या मनानं काढलेली मिशी.

शेजारी टाळ्या वाजवायला लागले. रेमीनं हातातलं ताट हळूच स्टुलावर ठेवलं.

"आवडले?" तिती म्हणाली. "प्रवासाला निघालेत ना. तसल्या फाटक्या अवतारात पाठवू? तिथले लोक म्हणतील, ओकेंदोंच्या घरी राजांना कुणी कपडे करत नाही वाटतं!"

नेरेइदाचं तोंड उघडंच राहिलं. मग ती हसायला लागली. हसतच सुटली. हसता हसता भिंतीला टेकली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचं नाही हे पहिल्यांदा इराइदाच्या लक्षात आलं.

"तिती," नेरेइदा म्हणाली, "माझं प्रदर्शन गेलं गं."

टाळ्या थांबल्या. तितीनं आनिबालकडे पाहिलं, आनिबालनं छताकडे.

"रंग माझा होता," तो म्हणाला, "पण हात तिचा."

"आता मला पुढं करतोस? डबा धरून तूच उभा होतास!"

"मी पहिल्यापासून म्हणत होतो, राजांना पाठवू नका!"

"आत्ता फाटकात म्हणालात पहिल्यापासून माझ्या बाजूचे!" नेरेइदा ओरडली.

"बाजू एकाच वेळी दोन असू शकतात," आनिबाल म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा काका," इराइदा मधे पडली. "चूक माझी आहे. मी पाहिलं होतं रंगवताना. फोन केला नाही."

नेरेइदानं बहिणीकडे पाहिलं. "का?"

"कारण तू दरवर्षी येतेस आणि मी कधीच कुठून येत नाही," इराइदा म्हणाली. "मला वाटलं होतं, तुला एक झटका बसेल. एवढा मोठा बसेल असं वाटलं नव्हतं. माफ कर."

नेरेइदाला राग यायला हवा होता. पण ती इराइदाला ओळखत होती. दहा वर्षांची असल्यापासून हिच्याच पाठीमागे लपून ती तितीचा मार चुकवत आली होती. "मूर्ख आहेस तू," एवढंच ती म्हणाली.

तेवढ्यात रेमीचा आवाज आला. तो गुडघ्यांवर बसून, छोटा दिवा लावून, भिंगातून बाल्तासारच्या घोड्याची शेपटी न्याहाळत होता.

"दोन्या प्रोवी," त्यानं आदरानं विचारलं, "रंगवायच्या आधी तुम्ही हे धुतलं होतं? घासलं होतं?"

"छे! धुळीवरच मारला. राजांची धूळ झाडायची नसते."

रेमीनं छातीवर क्रूसाची खूण केली. "देव तुमचं भलं करो. धुळीमुळे वरचा रंग खालच्याला धरलेलाच नाही. आतून अजून ओला आहे. आज-उद्यात काढला तर सालीसारखा निघेल, खालचं सगळं जसंच्या तसं. महिन्यानं विचारलं असतंत तर काही करता आलं नसतं."

"म्हणजे पोस्टरवर आहेत तसे होतील?"

"तस्से."

घरात एकदम कल्ला झाला. आनिबालनं रेमीला मिठी मारली, शेजाऱ्यांनी रेमीला रमचा पेला दिला, इराइदा देवाचं नाव घेऊन खाली बसली. नेरेइदानं डोळे पुसले. "काढ रेमी. आत्ताच्या आत्ता."

तिती मात्र खुर्चीतून उठली नाही. तिनं मांडीवरच्या आच्छादनाची घडी घातली, मग उलगडली, मग पुन्हा घातली.

"थांब," इराइदा म्हणाली. "तिती, नवस कुणाचा होता?"

"राहू दे."

"सांग ना! नवसाशिवाय तू रंग लावायची नाहीस."

"राहू दे म्हटलं ना!" मग तितीनं लांब श्वास घेतला आणि नेरेइदाकडे न बघता, राजांकडे बघत म्हणाली, "मी ह्यांना म्हटलं होतं, आमच्या पोरीला त्या तळघरातून वर काढा. तिचं डोकं चांगलंय, तिला वरच्या मोठ्या खोलीत बसवा, उजेडात. काढलंत तर डोक्यापासून खुरापर्यंत नवे करीन. आणि काढलं की त्यांनी! तुझा फोन आला त्याच दिवशी मी आनिबालला म्हटलं, फाटकाचा रंग संपवू नकोस."

नेरेइदा तितीच्या खुर्चीशी येऊन बसली.

"पण पूस तू," तिती म्हणाली आणि आता तिनं वळून पाहिलं. "खरंच पूस. मी रंग दिला, राजांनी बघितला, नवस फिटला. आमचं आणि त्यांचं चुकतं झालं. तुझी नोकरी जायला नको. एवढ्या वर्षांनी वर आलीस, माझ्या पेंटपायी खाली गेलीस तर मी कुठं तोंड दाखवू? मेक्सिकन, काय ते तुझं औषध काढ."

*

रेमीनं कापसाचा बोळा काडीला गुंडाळला, बाटलीत बुडवला आणि बाल्तासारच्या घोड्याच्या शेपटीवर, मागच्या बाजूनं, नखाएवढ्या जागेवर फिरवला. चॉकलेटी रंग गोळा होऊन निघाला. खालून हिरवा डोकावला.

"हा माझा!" इराइदा एकदम पुढं झाली. "हा आमच्या मायराचा! तीन वेळा गेलं माझं, चौथ्यांदा ही राहिली. सगळे घोडे हिरवे केले होते मी. तिती म्हणाली होती, हिरवे घोडे कुणी बघितलेत? आणि मी म्हटलं होतं, मी बघितलेत!"

तिचा हिरवा एका कडेला पूर्वीच उडालेला होता. तिथं निळा दिसत होता.

"सरका," आनिबाल म्हणाला. त्यानं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "हा माझा. लढाईवरून मी परत आलो त्याचा. आईनं दिला होता. माझा सैन्यातला कोट विकून रंग आणला, म्हणाली, परत जायची भानगडच नको." त्यानं बोटानं तो निळा ठिपका हलकेच चाचपला. रेमी त्याला हात लावू नका म्हणणार होता, पण म्हणाला नाही.

निळ्याच्या खाली पिवळा होता, वादळात छप्पर उडालं आणि माणूस एक नाही गेलं, त्याचा. तितीनं सांगितलं. शेजारीही येऊन बघायला लागले. एक म्हातारी म्हणाली, तुमच्या राजांना मीही एकदा नवस बोलले होते, पण ते पावले नाहीत. तर तिती म्हणाली, तुझ्या नवऱ्याला सुधारायचं होतं ना, राजे आहेत ते, जादूगार नाहीत. सगळे खो खो हसले. शेपटीवरचं ते नखाएवढं छिद्र म्हणजे एखादी खिडकीच झाली होती. ज्याला त्याला त्यात डोकावायचं होतं.

रेमीनं दुसरा बोळा गुंडाळला. "आता पाठीवरून सुरू करतो."

"थांबा जरा," इराइदा म्हणाली. ती आतून एक जाडजूड पुस्तक घेऊन आली होती, प्रदर्शनाचं. नेरेइदानं पोस्टानं पाठवलेलं. "नेरे, हे तूच लिहिलंयस ना? मी वाचलंय हं सगळं. तुला वाटतं मी नुसते फोटो बघते." तिनं खूण घातलेलं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं: "हे राजे रंगावर रंग घेत जगत आले आहेत. ज्या दिवशी त्यांना शेवटचा रंग लागेल, त्या दिवशी ते मरतील."

"हो," नेरेइदा म्हणाली. "मीच लिहिलंय."

"मग शेवटचा कुणाचा ठरवलास? माझा?"

नेरेइदानं ती ओळ पुन्हा वाचली.

"माझ्या हिरव्यावर राजांना थांबवायचं होतं? म्हणजे मायरानंतर या घरात काही चांगलं झालंच नाही?" इराइदानं पुस्तक मिटलं. "तू वर आलीस ते चांगलं नाही झालं? मला तर वाटलं होतं झालं."

कित्येक वर्षांत बहिणीनं असं काही म्हटलं नव्हतं. नेरेइदानं राजांकडे पाहिलं. भडक होते, मिशी वाकडी होती, आणि तिच्याचसाठी नटले होते. एवढी वर्षं ती दुसऱ्यांच्या ट्रंका उघडवून, दुसऱ्यांचे नवस शब्दांत मांडत होती. तिच्या स्वतःच्या नावाचा रंग तिच्यासमोर ओला होता, आणि ती म्हणाली होती, काढ.

"रेमी, बाटली बंद कर," ती म्हणाली आणि मोबाइल घेऊन अंगणात गेली.

*

फोनवरचं बोलणं आनिबालनं ऐकलं, कारण तो योगायोगानं नीरफणसाच्या खोडामागे उभा होता. इंग्रजी त्याला सैन्यातलं येतं, त्यातल्या निम्म्या शिव्या. पण पुतणीचा आवाज त्याला कळत होता.

तिनं आधी फोटो पाठवला. मग संचालकबाईंना फोन लावला.

"हो, मॅडम. ताजा आहे," नेरेइदा म्हणाली. "काढता येतो. पण मी काढणार नाही." मग ऐकलं. "हो, पोस्टर वेगळं आहे. लोक विचारतील. विचारू देत. मी त्यासाठीच दालन मागितलं होतं. पोस्टर मागच्या वर्षीचं आहे आणि राजे या वर्षीचे." पुन्हा ऐकलं. यावेळी जास्त वेळ. आनिबालनं पाहिलं, तिच्या दुसऱ्या हाताची मूठ वळलेली होती. "नाही, पाट्यांवर तसं लिहायचं नाही. 'अज्ञात कारागीर' नाही. एकेक रंग, आणि एकेकाचं नाव. सगळ्यात वर प्रोविदेन्सिया ओकेंदो, आणि कशासाठी तेही... हो. माझ्यासाठी. तेही लिहायचं."

मग तिनं बराच वेळ नुसतं "हो, हो" केलं. मग एकदम सरळ उभी राहिली.

"मंगळवारी? विश्वस्तांसमोर मी? एकटी?... येते. सांगते त्यांना. नाही पटलं तर मला सांगा, माझं तळघरातलं टेबल अजून रिकामं आहे." आणि मग तिच्या तोंडावर हसू पसरलं. "मिशी? हो मॅडम, मिशीही राहील."

आनिबाल खोडामागून बाहेर आला. "काय म्हणाली?"

"म्हणाली, तिची आजीपण आयर्लंडात घरातल्या मेरीमातेला दर वसंतात निळा रंग द्यायची. पण लगेच म्हणाली, विश्वस्तांच्या आज्या कुठल्या होत्या ते आपल्याला ठाऊक नाही."

"म्हणजे हो की नाही?"

"मंगळवारी कळेल, काका. पण राजे येतायत. ते असे का, हे मलाच सांगायचंय."

"सांगशील," आनिबाल म्हणाला. "तू माझ्याशी नाताळला भांडलीस तशी भांड म्हणजे झालं. जिंकलीस की नाही?"

ते आत आले तेव्हा तिती राजांशेजारी तशीच बसली होती, हात मांडीवर. नेरेइदानं सांगितल्यावर तिनं रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं. मग बोट दाखवलं.

"आणि हे छिद्र? शेपटीला भोक पाडून पाठवणार राजांना?"

सगळ्यांनी रेमीकडे पाहिलं. रेमीनं नेरेइदाकडे पाहिलं. संग्रहालयातल्या माणसानं वस्तूला रंग लावायचा म्हणजे केवढं पाप, ते त्या खोलीत त्या दोघांनाच ठाऊक होतं.

"मी गाडीत खोकी मोजून येतो," रेमी म्हणाला. "मला वेळ लागेल. आणि मी काहीही बघितलेलं नाही."

तो गेल्यावर इराइदानं चॉकलेटी रंगाचा डबा आणि बारीक ब्रश आणला. नेरेइदानं हात पुढं केला, तर तितीनं ब्रश मागे ओढला.

"अं हं. नवस नसताना धरायचा नाही. माझा नवस मी फेडला, तो माझा. तुझा कुठं आहे? तुला काय पावले राजे?"

नेरेइदा विचारात पडली. मग तिचे कान लाल झाले.

"सांगू? रागावशील."

"सांग."

"मी लहान होते. तू मला जत्रेला जाऊ दिलं नव्हतंस. मी इथं, राजांसमोर बसून म्हटलं होतं, मला या घरातून बाहेर काढा. लांब. इतकं लांब, की तितीचा आवाज ऐकू येणार नाही."

इराइदानं डोळे मिटून घेतले. तितीचा चेहरा आधी दगडासारखा झाला, मग त्याला एका कोपऱ्यातून तडा गेला, आणि मग म्हातारी अशी हसायला लागली की खुर्ची करकरली, मोती हलले, आणि इराइदाला तिची पाठ चोळावी लागली.

"मग पावले की गं!" तिती श्वास घेत घेत म्हणाली. "चांगले शिकागोपर्यंत पावले! आणि एवढी वर्षं फेडला नाहीस? राजांना असं ताटकळत ठेवतात? घे, घे हा ब्रश, कृतघ्न पोरी!"

बाहेर गिटारी सुरू झाल्या होत्या. नेरेइदा गुडघ्यांवर बसली. ब्रश डब्यात बुडवला, कडेला निथळवला, आणि पिवळ्यावर, निळ्यावर, हिरव्यावर टेकवला. शेपटी आधीपेक्षा जाड व्हायला लागली.

"तसं नाही!" तिती थेट तिच्या कानाशी ओरडली. "डावीकडून! केसांच्या दिशेनं! अगं डावीकडून म्हणतेय, ऐकू येत नाही का?"

"येतंय, तिती," नेरेइदा म्हणाली, रडत, हसत, डावीकडून रंग लावत. "येतंय."